बी वेगवेगळं, पाऊस एकच

उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहराला लागूनच दोई सुथेपचा डोंगर उभा आहे. या एका डोंगरावर वनस्पतींच्या सव्वादोन हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. झाडांच्याच सहाशेहून अधिक. इथल्या रानात बाराही महिने कुठलं ना कुठलं झाड फळत असतं. रोप लावायचा मुहूर्त मात्र वर्षातून एकदाच येतो. पाऊस लागला की जूनमध्ये लावायचं, म्हणजे पुढचा कोरडा, होरपळवणारा उन्हाळा येईपर्यंत मुळं खोल गेलेली असतात. उशिरा लागलेलं रोप तो उन्हाळा बहुधा पाहत नाही.

नैसर्गिक जंगलाची रोपवाटिका चालवणं इथेच अवघड होतं, आणि इथेच ते विलक्षण वाटू लागतं. पांगाऱ्याच्या बीचं कवच इतकं कठीण, की पाणी आत शिरावं म्हणून नेलकटरने त्याचा एक कोपरा उडवावा लागतो. उंबर-वडाच्या कुळातलं बी खसखशीसारखं बारीक. फळ फोडून ते वाळवायचं, हलक्या हाताने पेरायचं आणि मग दीड-दोन वर्षं धीर धरायचा. ओक आणि रानटी चेस्टनटचं बी वाळलं की मेलंच, म्हणून ते गोळा केल्या केल्या मातीत गेलं पाहिजे. काही बिया आठवड्यात उगवतात, काही महिनोन्‌महिने हूं की चूं करत नाहीत. दूरदूरच्या गावांहून निघालेली वऱ्हाडं एकाच मुहूर्ताला मांडवात पोचावीत, तशी ही सगळी रोपं जूनच्या सुमारास वीतभर-दोन वीत उंच आणि काटक होऊन तयार लागतात. त्यासाठी प्रत्येक जात कधी फळते, कशी उगवते, किती वेगाने वाढते याची टिपणं वर्षानुवर्षं ठेवावी लागली. चियांग माई विद्यापीठात 1994 साली स्टीफन एलियट आणि विलायवान अनुसार्नसुन्थॉर्न यांनी सुरू केलेल्या वनपुनरुज्जीवन संशोधन केंद्राने हेच काम हाती घेतलं.

या ज्ञानाला खरा अर्थ आला तो बान मे सा माई या हमोंग लोकांच्या गावात. गाव याच डोंगरावरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. वरच्या उतारांवर, समुद्रसपाटीपासून 1,200 ते 1,300 मीटरवर, कोबी-बटाट्यासाठी रान मोकळं झालं होतं, आणि डोंगर उघडा पडला की झरे आटतात हे गावाला कुणी शिकवायची गरज नव्हती. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात गावकऱ्यांनी विद्यापीठाच्या जोडीने गावातच रोपवाटिका उभी केली आणि दर पावसाळ्यात एकेक तुकडा जंगलासाठी सोडायला सुरुवात केली. कसत्या जमिनीवरचा हात उचलणं सोपं नसतं. मला या साऱ्या हकिगतीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. गावाच्या वरच्या अंगाला हमोंगांनी श्रद्धेने राखलेला जुन्या रानाचा एक तुकडा होता. आपल्याकडची देवराई ज्याने पाहिली आहे, त्याला त्याचं मोल सांगायला नको. आजूबाजूच्या उजाड उतारांना बी पुरवणारं कोठार ते.

आता प्रश्न असा, की सहाशे जातींची झाडं रोपवाटिकेत वाढवायची कुणी? कुणीच नाही, आणि तशी गरजही नसते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये आधी वापरली गेलेली पद्धत इथे बेतून घेतली गेली. स्थानिक रानातल्या फक्त वीस-तीस जाती निवडायच्या. त्या उघड्या उन्हात तगणाऱ्या हव्यात, पसरट सावली धरून तण मारणाऱ्या हव्यात आणि लहान वयातच फुला-फळांनी पाखरांना बोलावणाऱ्या हव्यात. आपल्या ओळखीची शिवण या यादीत आहे, उंबराचे भाऊबंद आहेत आणि हिमालयातली रानचेरीही आहे. ही चेरी लावल्यावर तीनेक वर्षांतच गुलाबी फुलते. रोपं दाट लावतात, साधारण 1.8 मीटरवर एक. म्हणजे हेक्टरी 3,100, आपल्या हिशोबात एकरी साडेबाराशे. पहिले दोन पावसाळे खुरपणी आणि खत चुकवून चालत नाही. बुंध्याभोवती पुठ्ठ्याची चकती घालतात, म्हणजे तण दबतं. दोन-तीन वर्षांत माथे एकमेकांना भिडतात आणि गवत, नेचे, रानमोडीच्या जातीचं तण सावलीत विरून जातं.

मग बुलबुल येतात. जवळच्या रानात फळं खाऊन ते या कोवळ्या झाडांवर विसावतात आणि विष्ठेतून बी टाकतात. ज्याला कुणी पिशवीत वाढवलं नाही, ज्याचा खड्डा कुणी खणला नाही, ते झाड आपोआप उगवतं. आठ-नऊ वर्षांत या तुकड्यांमध्ये न लावलेल्या 73 जातींची झाडं सापडली. लागवडीआधी तिथे पक्ष्यांच्या तीसेक जाती दिसत, सहा वर्षांनी त्या 88 झाल्या. हे आकडे वाचताना मी दर वेळी थबकतो. माणसाने वीस-तीस जाती लावायच्या आणि त्याच्या दुपटीहून अधिक जाती पाखरांनी, वाऱ्याने, चोरपावलांनी हिंडणाऱ्या उदमांजरांनी आणून द्यायच्या!

हे सगळं एका वणव्यात राख होऊ शकतं. म्हणून जानेवारीत गावकरी जाळरेषा काढतात आणि पाऊस येईपर्यंत आळीपाळीने रात्रंदिवस पहारा देतात. रोपवाटिका गावची असण्याचा अर्थ इथे कळतो. ज्याने बी पेरलं, तो धूर दिसताच धावतो.

पाखरांनाही न जमणारं एक काम उरतंच. मोठ्या बियांची फळं बुलबुलाच्या चोचीत मावत नाहीत. ती गिळून दूरवर नेणारे हत्ती आणि गेंडे या उतारांवरून कधीच नाहीसे झाले. अशा झाडांचं बी आईच्या सावलीतच पडतं आणि तिथेच कुजतं किंवा उंदीर-घुशी ते फस्त करतात. म्हणून त्यांपैकी काही जाती मुद्दाम रोपवाटिकेत वाढवतात, आणि हत्तीने सहज केलं असतं ते काम माणसं पाठीवरच्या टोपल्यांतून रोपं वाहून करतात.