रजिस्ट्री एडिटरमधील शाखाविस्तार आवरण्याची आवश्यकता
विंडोज प्रणालीच्या बहुतांश जुळण्या रजिस्ट्री या श्रेणीबद्ध माहितीसाठ्यात असतात. रजिस्ट्री एडिटरच्या डाव्या भागात तिच्या पाच मूळ शाखा दिसतात. भंडारा जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयीन संगणककक्षात मराठी कळफलकाची नोंद तपासावयाची असल्यास ‘कीबोर्ड लेआउट’अंतर्गत ‘प्रीलोड’ ही शाखा उघडावी लागते. तेथे मराठीचा संकेतांक षोडशमान पद्धतीत ४४ई असा असतो. मात्र याच नावाची शाखा ‘एचकी करंट युजर’मध्ये आणि ‘एचकी युजर्स’च्या ‘.डिफॉल्ट’मध्येही आढळते. पहिली विशिष्ट वापरकर्त्यापुरती, तर दुसरी प्रवेशपडद्यासाठी असते. अनेक शाखा विस्तारलेल्या राहिल्यास मूळ शाखा दृष्टीआड होऊन भलतीच नोंद बदलली जाण्याचा संभव असतो. येथील बदल तत्काळ जतन होतो; तो मागे घेण्याची आज्ञा नाही. शिवाय एडिटर पुन्हा उघडताना मागील शाखा विस्तारलेलीच दिसते.

यास्तव डाव्या बाणाची कळ दाबत, शाखा मिटवीत मूळ शाखेपर्यंत यावे. वारंवार लागणारी शाखा ‘फेव्हरिट्स’मध्ये नोंदवावी. विंडोज १० मध्ये २०१७ साली आलेल्या पत्तापट्टीवर संपूर्ण मार्ग वाचावा आणि बदलापूर्वी संबंधित शाखा ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवावी. आपण कोणत्या मूळ शाखेखाली आहोत हे दिसत राहिले, तरच बदल योग्य ठिकाणी होतो.