अठरा इंच

कॅमेरा जमिनीजवळ आणायचा कसा, यात एका युनिटची सगळी सकाळ गेली, असं एका मित्रानं सांगितलं आणि मी कोल्हापूरशेजारच्या कळंब्याला गेलो. कोल्हापूरकरांना शूटिंगचं नवल नाही. क्रेन, ट्रॉल्या, माळावर उधळणारी घोडी, सगळं इथं पिढ्यान् पिढ्या बघून झालंय. पण कॅमेरा खाली उतरवण्यासाठी कुणी एवढा जीव काढतंय, हे कधी ऐकलं नव्हतं.

घर गावठाणातलं, कौलारू. पुढं सोपा, मधे माजघर, मागं पडवी आणि परडं. आजूबाजूला अपार्टमेंट उठलेत. वारा फिरला की कुठल्याशा गुऱ्हाळातून उकळत्या रसाचा वास येतो आणि पडवीतल्या धुरात मिसळतो. माजघरात ग्रॅनाइटचा ओटा आहे, गॅस आहे. सूनबाई तिथं उभ्यानं स्वयंपाक करतात. भाकरी मात्र आजी मागं, चुलीवरच थापतात. नातू नोकरीसाठी पुण्याला निघालाय, त्याच्या आदल्या दिवशीचं हे घर, एवढीच फिल्मची गोष्ट. नट कुणी नाही. आजी, सून, नातू, सगळे घरचेच.

दिग्दर्शिका कोल्हापुरातच चित्रकला शिकली. रविवारी रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर बसून लँडस्केप करणाऱ्या पोरांपैकी ती एक. प्रत्येक शॉटचं चित्र तिनं वहीत जलरंगात काढून ठेवलंय. ती वही मी बराच वेळ चाळत बसलो. एका पानावर अगदी पुढं घागरीचा अर्धाच गोल, पानाबाहेर गेलेला, आणि त्याच्याआडून लांब, लहानशा आजी. ही मांडणी जपानी चित्रकार हिरोशिगेकडून घेतली, असं तिनं आपण होऊनच सांगितलं. त्यानं १८५६ ते १८५८ या वर्षांत एदो शहराची, म्हणजे आजच्या टोकियोची, शंभरावर दृश्यं काढली. ती लाकडी ठशांवरून छापली गेली. त्यातल्या कित्येक चित्रांत झाडाचं खोड नाहीतर फांदी अगदी नाकासमोर येते आणि बाकीचं गाव तिच्यामागं राहतं.

चित्रकारानं सिनेमा करावा, हे जपानात नवं नाही. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा आधी चित्रकारच व्हायला निघाला होता. १९३६ साली तो स्टुडिओत शिरला. ‘कागेमुशा’साठी पैसा उभा राहत नव्हता, तेव्हा त्यानं त्यातले प्रसंग एकेक करून रंगवून ठेवले. कोल्हापुरालाही हे नवं नाही. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर सिनेमाकडं वळले, इथंच कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ केला. शहरात खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. रोज हजारो लोक त्याच्या बाजूनं गाडी वळवतात. त्याच बाबूरावांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. देवदेवतांचे आणि राजेरजवाड्यांचे चित्रपट चालत असताना एका कर्जबाजारी शेतकऱ्याचं घर त्यांनी पडद्यावर आणलं. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा पहिला चित्रपट आला तो त्यानंतर, १९२७ साली. साध्या घराकडं बघायची नजर आपल्याला बाहेरून आणावी लागली, असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. ती इथं होती. मधे आपण ती सोडून दिली.

दिग्दर्शिकेला ती नजर परत सापडली ओझूमुळं. ‘टोकियो स्टोरी’ तिनं पुन्हा पुन्हा पाहिलाय. १९५३ चा चित्रपट. म्हातारे आईबाप ओनोमिचीहून मुलांकडं टोकियोला येतात, मुलांना वेळ नसतो, आणि जीव लावते ती युद्धात वारलेल्या मुलाची बायको. कॅमेरा जवळजवळ हलत नाही. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही थोडा खाली तो बसतो आणि बघत राहतो. ओझू वर्षानुवर्षं एकच ५० मिलिमीटरची लेन्स वापरायचा आणि उंची अशी खालचीच. तिनं आजींना पाटावर बसवलं, चुलीपुढचं सगळं कागदावर मांडलं आणि आपल्या पडवीपुरता आकडा ठरवला. लेन्सचा मध्य जमिनीपासून १८ इंच.

तिथंच अडलं. बाजारातला ट्रायपॉड एवढा खाली बसेना. पाय फाकवले की ते चुलीत आणि काटवटीत जायला लागले. मग मामांना बोलावलं.

मामा साठीच्या पुढचे. जयप्रभा आणि शांतकिरण स्टुडिओत लाइट उचलण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. “जयप्रभाला आमी क्यामेरा वर न्ह्यायला मचाण बांधायचो. खाली आणायचं काम पैल्यांदाच आलं बगा,” ते म्हणाले. त्यांनी आजींच्याच घरातला एक जुना जेवणाचा पाट मागून घेतला, त्याला खालून दोन ठोकळे मारले, मधे भोक पाडून कॅमेऱ्याचा बोल्ट बसवला आणि दोन्हीकडं वाळूच्या पिशव्या टाकल्या. टेप लावून ओरडले, “अठरा इंच!”

त्या दिवशी मी शूटिंग कमी आणि मामांना जास्त पाहिलं. पडवीचा कोबा मोरीकडं उतरता आहे. कॅमेरा वीतभर सरकला तरी पाट एका अंगाला कलतो. मामा उकिडवे बसायचे, पाटावर पाणसळ ठेवायचे आणि खिशातून लाकडाची पाचर काढून ती अंगठ्यानं दाबत दाबत पाटाखाली सारायचे. काचेतला बुडबुडा मधे येईपर्यंत त्यांचा श्वास अडलेला दिसायचा. बुडबुडा थांबला की पुन्हा टेप. “अठरा इंच!” कॅमेरा सांभाळणारा पोरगा एकदा म्हणाला, पाव इंचानं काय फरक पडतो मामा? मामांनी उत्तर दिलं नाही. दुसरी पाचर काढली.



मग आजी भाकरीला बसल्या. मी आधी उभ्यानं पाहिलं: भांग, पाठ, पिठाचे हात. मग मॉनिटरपाशी जाऊन बसलो. तिथं आजींचं मनगट दिसत होतं. पीठ मळताना तळहाताचा गादीसारखा भाग काटवटीत रुतायचा आणि मनगटाची शीर टरारून वर यायची. खाली वळलेला चेहरा दिसत होता, जाळाच्या उजेडात, ओठ घट्ट मिटलेले. भाकरी तव्यावर पडली, पाण्याचा हात फिरला आणि आजी उठल्या. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीला. डोकं चौकटीबाहेर गेलं, मग खांदे गेले, उरला लुगड्याचा काठ आणि भेगाळलेल्या टाचा. त्या लाकूड घेऊन आल्या, बसल्या. पुन्हा उठल्या, मिठाला. पुन्हा, पाण्याला.

शॉट संपल्यावर सूनबाई दारात उभ्या होत्या. “अकरा वेळा उठल्या आत्या,” त्या म्हणाल्या. “एवढ्या वर्षांत मी कधी मोजलंच न्हवतं.”

अकरा वेळा. कॅमेरा माणसाच्या उंचीवर असता तर त्यानं आजींबरोबर मान वर केली असती आणि हे उठणं-बसणं त्यात विरून गेलं असतं. तो १८ इंचांवर बसून राहिला म्हणून प्रत्येक उठण्याला किती ताकद लागते ते समोर आलं. हे बघणं त्या मुलीला ओझूनं शिकवलं, याबद्दल मला त्याचे आभार मानावेसे वाटतात. युनिटमधल्या एकाचं म्हणणं, ही नक्कल आहे, जपानी लोक चटईवर बसतात म्हणून त्यांचा कॅमेरा खाली. मला ते मान्य नाही. आपणही खालीच बसायचो. दळण, निवडण, जेवण, बाळंतपण, पंगत, सगळं जमिनीवर चाललं आणि ते करणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या.

दुसऱ्या टेकला आजींचा गुडघा कुरकुरला. मला तो आवाज हेडफोनमधून ऐकू आला आणि हे थांबवावं असं वाटलं. दिग्दर्शिकेनंही तिसरा टेक घेतला नाही. तिनं जाऊन आजींचे पाय चेपले. आजींना त्याचं काही नव्हतं. त्यांची तक्रार वेगळीच. “बाळ, ती दुसरी भाकरी करपलीया. ती दावू नगंस. लोक म्हणतील, म्हातारीला येत न्हाई.” त्यांना कितीदा तरी वचन द्यावं लागलं.

दुपारी माणसांशिवायचे शॉट झाले: परड्यातल्या दोरीवरचं धुणं, विझत आलेली चूल, नातवाची अर्धी भरलेली बॅग. ओझू दोन प्रसंगांच्या मधे असेच रिकामे कोपरे, किटल्या, धुराडी ठेवतो. त्याच्याकडं निरोपाला रेल्वे असते. कळंब्यात रेल्वे नाही, म्हणून इथं गारगोटी रस्त्यावरची लाल एसटी येणार.

त्या शॉटवरून संध्याकाळी वाद झाला. मामांचं म्हणणं, “ताई, स्टँडवर माणूस उभा ऱ्हातो. तितं क्यामेरा उभाच पायजे. खालनं नुसती चाकं दिसतील.” तिनं वही उघडली, चित्र पाहिलं, थोडा वेळ पेन्सिल चावली. मग म्हणाली, “पण मामा, सोडायला आजी येणारेत. त्यांना उभं राहवतं कुठं? त्या कट्ट्यावर बसणार.”

मामा कट्ट्याची उंची विचारायला लागले. ती कुणालाच ठाऊक नव्हती. तेव्हा त्यांनी टेप खिशात घातली, एका पोराला मोटारसायकल काढायला सांगितली, आणि रस्त्याकडची जागा खडबडीत असते म्हणून जादा पाचरा तासून ठेवा असं बजावून ते मोजायला निघाले.