खेळता खेळता बंद पडणारा लॅपटॉप : पनवेलमधल्या एका घरातील नोंदवही

एप्रिलमधली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते. आतल्या खोलीतून मुलाचा आवाज आला, "आई, परत गेला!" गेला म्हणजे त्याचा लॅपटॉप. पडदा काळा, पंखे शांत, कळफलकाखालचे दिवेही विझलेले. त्या आठवड्यातली ही पाचवी वेळ होती. मी स्वयंपाकघरातूनच नेहमीचं उत्तर दिलं, "खेळ अजून गेम!"

नवीन पनवेलमधल्या आमच्या घरात हा संवाद महिनाभर चालू होता. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. चार वर्षांपूर्वी त्याला हप्त्यांवर हा महागडा लॅपटॉप घेऊन दिला, तो त्रिमितीय आराखड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी. त्यावर गेमही उत्तम चालतात, हे मला नंतर कळलं. लॅपटॉप गेमने बिघडवला, असं माझं ठाम मत होतं. मुलाने वाद घालणं सोडून दिलं होतं, आणि हळूहळू बोलणंही.

शेवटी लॅपटॉप दुरुस्तीला दिला. दुकानदाराने दोन दिवसांनी सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय. चोवीस हजार होतील." सहज विचारलं, "दोन दिवसांत किती वेळा बंद पडला?" तो म्हणाला, "इथे एकदाही नाही." बोर्ड गेला असेल तर दुकानात दोन दिवस लॅपटॉप नीट कसा चालला? हा प्रश्न घेऊन मी लॅपटॉप तसाच घरी आणला.

चार दिवसांनी मुलगा प्रकल्पातल्या पुलाच्या आराखड्याचं चलच्चित्र तयार करत असताना लॅपटॉप तसाच बंद पडला. तेव्हा गेम सुरू नव्हता. प्रकल्प सादर करायला तीन आठवडे उरले होते. मी बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. निरीक्षणाआधी निष्कर्ष काढू नका, असं वर्गात दरवर्षी सांगते. घरात मात्र मी नेमकं उलट केलं होतं. त्या रात्री आम्ही दोघांनी एक वही घेतली. हा लेख त्या वहीवरून लिहिला आहे.

आधी लक्षण नीट पाहावं

'लॅपटॉप बंद पडतो' या एका वाक्यात किमान तीन वेगळे आजार दडलेले असतात. फक्त गेम बंद होऊन संगणक चालू राहत असेल, तर दोष बहुधा त्या गेममध्ये किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये असतो. निळा पडदा येऊन संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर ड्रायव्हर, मेमरी किंवा साठवणुकीची डिस्क तपासावी लागते. आणि कोणतीही सूचना न देता, दिव्याचं बटण दाबावं तसा लॅपटॉप क्षणात विझत असेल, तर संशय दोघांवर जातो : उष्णता आणि वीजपुरवठा.

आमचा प्रकार तिसरा होता. विंडोजच्या नोंदींमध्ये प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी ओळ सापडत होती. नावात 'पॉवर' पाहून अनेकजण चार्जर बदलायला धावतात. पण संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ही नोंद होते आणि तिचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी तो रीतसर बंद झाला नव्हता. पंचनाम्यात 'मृतदेह आढळला' असं लिहावं, तशी ती नोंद. मृत्यूचं कारण तिच्यात नसतं.

उष्णतेचा हिशोब

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मी वॉटमीटर आणला. साधं लेखन-वाचन करताना लॅपटॉप भिंतीतल्या प्लगमधून सुमारे ३० वॉट घेत होता, गेम सुरू झाल्यावर १३०च्या आसपास. संगणक घेतो ती जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे गेम खेळताना तळहाताएवढ्या जाडीच्या त्या डब्यात जुन्या शंभराच्या बल्बहून जास्त उष्णता तयार होत होती, आणि तिचा बराचसा भाग बोटाच्या पेराएवढ्या दोन चिपांमधून येत होता.

ही उष्णता बाहेर नेणारी साखळी अशी असते. चिपवर थर्मल पेस्टचा पातळ लेप, त्यावर तांब्याची पट्टी, पट्टीला जोडलेली हीट पाइप, तिच्या टोकाला दाटीवाटीने बसवलेले धातूचे पातळ पत्रे आणि त्यांतून हवा फुंकणारा पंखा. हीट पाइप दिसते भरीव, पण आतून पोकळ असते. तिच्यात कमी दाबाखाली थोडं पाणी असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येतं.

पेस्टचं काम लहान वाटतं, पण तिच्यावाचून साखळी तुटते. चिप आणि तांबं यांचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेच्या सूक्ष्म फटी राहतात. तांबं हवेपेक्षा सुमारे १५,००० पट चांगलं उष्णतावाहक आहे, म्हणून हवेचा नुसता पापुद्राही मोठा अडसर ठरतो. पेस्ट त्या फटी भरते. काही वर्षांनी ती वाळते, कडेला सरकते आणि फटी पुन्हा उघड्या पडतात.

चिप तापली तर यंत्र दोन पायऱ्यांनी स्वतःला वाचवतं. तापमान मर्यादेजवळ गेलं (अनेक प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते) की ते आपला वेग कमी करतं. गेम अडखळू लागतो तो इथे. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. तरीही उष्णता चढतच राहिली, तर सुरक्षेची यंत्रणा थेट वीज तोडते. तेव्हा विंडोजला विचारलं जात नाही, म्हणून पडद्यावर सूचना येत नाही. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर आपण कुकर फेकून देत नाही. शिट्टीखालची नळी चोंदली आहे का, ते आधी पाहतो. आम्हालाही तेच पाहायचं होतं.

वहीतल्या नोंदी

नियम एकच ठेवला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गेम तोच, त्यातला प्रसंगही तोच.

खोलीचं तापमान ३३ अंश असताना लॅपटॉप १८ ते २२ मिनिटांत बंद पडला. लगेच पुन्हा सुरू केला तर पाचव्या मिनिटाला. तासभर थंड होऊ दिला तर पुन्हा वीस मिनिटं चालला. पहाटे सहाला, खोली २७ अंशांवर असताना, ४० मिनिटांहून जास्त टिकला. मागच्या बाजूला दोन पुस्तकांचा टेकू दिला तर ३१ मिनिटं. गेमची चित्रगती सेकंदाला ३० चित्रांवर बांधून घातली, तेव्हा दोन तासांत एकदाही बंद पडला नाही.

वेळेचा हा नमुना उष्णतेकडे बोट दाखवतो. वीजपुरवठ्यातला दोष सहसा भार एकदम उसळी घेतो त्या क्षणी उघडा पडतो, म्हणजे गेममधलं दृश्य सुरू होताच. उष्णतेला साचायला वेळ लागतो, आणि आधीच तापलेलं यंत्र लवकर मर्यादा गाठतं. दुकानातलं कोडंही इथेच सुटलं. तिथे वातानुकूलन होतं आणि तपासणी म्हणून नुसता ब्राउझर उघडून ठेवला होता. चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर चढत जातं. खोली दहा अंशांनी थंड असेल तर तेवढ्याच भाराखाली चिपही साधारण तितकीच थंड राहते. रोग्याला जिना चढायलाच लावला नाही, तर दम लागतो हे कळणार कसं?

आमचीही एक चूक झाली. चार्जर काढून निव्वळ बॅटरीवर गेम चालवला, तर लॅपटॉप बंद पडला नाही. "म्हणजे चार्जरच!" असं आम्ही दोघं एकदमच म्हणालो. मुलाने मित्राकडून त्याच व्होल्टचा आणि १५० वॉटचाच चार्जर आणला. विसाव्या मिनिटाला पडदा काळा. बॅटरीवर असे लॅपटॉप आपणहून वेग कमी करतात, त्यामुळे उष्णताही कमी होते, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

तरी वीजपुरवठा तपासणं आवश्यकच असतं. १५० वॉटच्या लॅपटॉपला कमी ताकदीचा चार्जर लावला तर भार वाढताच उरलेली वीज बॅटरीतून ओढली जाते, आणि बॅटरी थकलेली असेल तर लॅपटॉप विझतो. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. आमची बॅटरी मूळ ६० वॉट-अवरची, ती आता ४१ साठवत होती. वयोमानाने ठीक. संध्याकाळी व्होल्टेज कमी होतं म्हणून असं होत असेल, हा माझा आवडता तर्कही बाद झाला, कारण बहुतेक लॅपटॉप-चार्जरांवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. तेवढा चढउतार ते सहज सोसतात.

शेवटी तापमान दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून खेळ पाहिला. प्रोसेसर ९७ अंशांवर जाऊन तिथेच खिळला, त्याचा वेग खाली आला, आणि काही मिनिटांनी सगळं विझलं. दोन्ही पायऱ्या डोळ्यांसमोर घडल्या.

आत काय निघालं

एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून मुलाने लॅपटॉप उघडला. पहिलं काम बॅटरीची जोडणी काढणं. (बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबावं, तिला दाबू नये, टोचू नये, आणि काम जाणकाराकडे सोपवावं.) पंखे सुटे केल्यावर पंखा आणि पत्रे यांच्या मधोमध घोंगडीसारखा राखाडी थर निघाला. सुरीच्या टोकाने उचलला तर अखंड पट्टीच हातात आली. रस्त्याची धूळ, गादीचा कापूस, केस आणि फोडणीच्या धुराचा चिकटपणा, सगळं एकत्र. कोकणपट्टीच्या दमट हवेत धूळ भुरभुरीत राहत नाही, ती चिकटून बसते. त्यात मुलगा पलंगावर बसून खेळायचा. हवा आत घेणारी जाळी लॅपटॉपच्या पोटाशी असते आणि ती गादीत रुतायची. पंखा पूर्ण जोराने फिरत होता, पण हवेला आत यायला आणि बाहेर जायला वाट नव्हती.

मऊ ब्रशने पत्रे साफ केले. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, कारण हवेच्या झोताने पंखा भरधाव फिरला तर त्याचं बेअरिंग बिघडू शकतं. वाळून खडूसारखी झालेली जुनी पेस्ट पुसून नवी लावली. पेस्ट, ब्रश आणि स्क्रू-ड्रायव्हर यांचा खर्च सातशे रुपयांच्या आत. त्याच खोलीत, ३३ अंशांवर, तोच गेम दोन तास चालला. प्रोसेसर ८४ अंशांच्या वर गेला नाही. प्रकल्पातल्या पुलाचं चलच्चित्रही त्याच रात्री पूर्ण झालं.

हाच प्रश्न, मोठ्या मापाचा

हा प्रश्न एका घरापुरता नाही. चिपमधले भाग लहान होत जातात तशी त्यांना लागणारी वीजही त्या प्रमाणात घटते, हा नियम रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४मध्ये मांडला. तो तीसेक वर्षं टिकला. २००४मध्ये इंटेलने 'तेजस' या नावाने चाललेला प्रोसेसर सोडून दिला, त्यामागे वाढत्या उष्णतेची अडचण होती. तेव्हापासून चिपचा वेग किती ठेवायचा, हे बऱ्याच अंशी तिची उष्णता किती वेगाने बाहेर काढता येते यावर ठरतं.

आमच्या पनवेलमध्येच याचं भव्य उदाहरण आहे. हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत जुलै २०२०मध्ये 'योट्टा एनएम१' हे डेटा सेंटर सुरू झालं. त्याची क्षमता ७,२०० रॅक आणि ५० मेगावॉट सांगितली जाते. ती पूर्ण वापरात आली, तर गेम खेळणाऱ्या पावणेचार लाखांहून अधिक लॅपटॉपांएवढी उष्णता त्या एका आवारातून रात्रंदिवस बाहेर काढावी लागेल. तिथे त्यासाठी वेगळी यंत्रणा असते. आमच्या घरी पंखा आणि चिमूटभर पेस्ट असते, आणि त्यांच्याकडे चार वर्षांत कुणी पाहिलेलं नसतं.

आपल्या घरी

असा प्रसंग आला तर क्रम असा ठेवावा. बंद कसा पडतो ते पाहावं. किती मिनिटांत, खोली किती गरम असताना, कशावर ठेवलेला असताना, ते लिहावं. लॅपटॉप कडक, सपाट जागी ठेवावा, मागून थोडा उचलावा. चार्जरवरचे वॉट मूळ चार्जरशी ताडून पाहावेत. चित्रगती कमी करून फरक पडतो का पाहावं. तापमान मोजावं. दिवाळीच्या साफसफाईत माळा आणि छताचे पंखे यांच्या यादीत लॅपटॉपही धरावा. वॉरंटी चालू असेल, किंवा उघडण्याचा धीर नसेल, तर जाणकाराकडे न्यावा, पण आपण काढलेलं निदान त्याला सांगू नये. नोंदी दाखवाव्यात आणि भार देऊन तपासायला सांगावं. तापमान साधारण असूनही लॅपटॉप विझत असेल, तर बोर्डाचा संशय रास्त आहे. तेव्हा चोवीस हजारांचा विचार करावा.

ती वही अजून टेबलाच्या खणात आहे. पहिल्या पानावर, नोंदी सुरू करताना, मी 'संभाव्य कारण : गेम' असं लिहिलं होतं. ते मी स्वतःच खोडलं आणि मुलाला दाखवलं. तो काही बोलला नाही. त्याने वही ओढून घेतली आणि खाली पुढच्या सफाईची तारीख लिहिली.