वॉटरप्रूफ गाडी आणि खारे पाणी
अलिबाग, नागाव, काशीदच्या पुळणीवर रिमोटची गाडी लाटेतून पळवणाऱ्यांचा भरवसा खोक्यावरच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर असतो. त्याचा अर्थ एवढाच, की रिसीव्हर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) यांत पाणी शिरू नये अशी सोय आहे. बेअरिंग, स्क्रू उघडेच राहतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गाडी वाळली तरी ते फटींत बसतात आणि पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते तसे हवेतली ओल ओढतात; गंज धरतो तो तिथूनच. नुसते फडके मारून भागत नाही. बॅटरी काढा, गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, वाळल्यावर बेअरिंगला थेंबभर तेल द्या. जोराचा फवारा मात्र नको, त्याने वाळू उलट आत जाते.