लाल विंचू, महाडचे डॉक्टर आणि पेशीचं दार

आमच्या घरात एक नियम आहे. बूट झटकल्याशिवाय पाय आत घालायचा नाही. सकाळी नागोठणे स्टेशनवर गाडी पकडायला मी धावत असले, तरी आजी ओट्यावरून ओरडतेच, ‘‘झटकलास का गं?’’ लहानपणी मला हे फार ओव्हर वाटायचं. मग एकदा तिने कारण सांगितलं. साठेक वर्षांपूर्वी तिच्या माहेरी खळ्यावर भात झोडताना पेंढ्यातून विंचू निघाला आणि तिच्या धाकट्या भावाला चावला. मंत्र टाकून झाले, पाला लावून झाला. पोराला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. पहाटे तो गेला. गावाने एवढंच म्हटलं, ‘‘छाती भरली.’’

छाती भरते म्हणजे नेमकं काय होतं? याचं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. कोलाड आणि माणगाव ओलांडलं की आपल्याच रायगड जिल्ह्यातलं महाड येतं. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण त्यांच्यासमोर दगावत होते आणि खात्रीचा असा उपचार पुस्तकात नव्हता. ते रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि घाम यांच्या नोंदी ठेवत गेले. हे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. खेड्यातल्या आरोग्य केंद्रातून थेट ‘लॅन्सेट’!

आता थोडं सायन्स. घाबरू नका, आपण ट्रेननेच जाऊ. दिवा-रोहा गाडीचा डबा म्हणजे एक मज्जापेशी समजा. सोडियमचे कण दारातून आत घुसले की पेशी ‘चालू’ होते आणि निरोप पुढे जातो. मग पोटॅशियमचे कण दुसऱ्या दाराने बाहेर पडतात आणि पेशी शांत होते. या दारांना आयन चॅनेल म्हणतात. लाल विंचवाच्या विषात दोन्ही दारांवर काम करणारी रसायनं असतात. काही सोडियमचं दार लवकर बंद होऊ देत नाहीत, तर काही पोटॅशियमच्या दारात भली मोठी बॅग घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखी अडून बसतात. आत येणारे येतच राहतात, उतरणाऱ्यांना मात्र वाट मिळत नाही.

मग नसा पेटून उठतात आणि शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साचतं. गावाने ‘छाती भरली’ म्हटलं ते हेच. शब्द बरोबर होता, फक्त त्यावर औषध नव्हतं.

ते औषध डॉ. बावस्करांनी शोधलं, तेही बाजारात आधीच असलेल्या गोळ्यांमधून. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. १९८६ मध्ये तिच्याबद्दलचा त्यांचा लेखही ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. हे प्रमाण सुमारे एक टक्क्यावर आलं. पुढे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडमध्येच ७० रुग्णांवर अभ्यास केला. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिविष लस एकत्र दिली, तर रुग्ण लवकर बरा होतो, असं त्यात दिसलं. हा अभ्यास २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

गोष्ट इथे संपत नाही. १९९० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी याच लाल विंचवाच्या विषातून इबेरियोटॉक्सिन वेगळं केलं. ३७ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी पोटॅशियमचा एकच ठरावीक प्रकारचा चॅनेल बंद करते, बाकीच्यांना हात लावत नाही. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत हा चॅनेल काय काम करतो हे पाहायचं असेल, तर जगभरच्या प्रयोगशाळा हेच विष वापरतात. २००२ मध्ये टॅमापिन सापडलं. ते मज्जापेशींच्या दोन निरोपांमधली विश्रांती सांभाळणारा चॅनेल अडवतं.

डॉक्टरी सोडून संशोधनाकडे वळलेल्या रॉडरिक मॅकिनन यांनी दुसऱ्या एका विंचवाचं विष वापरून पोटॅशियम चॅनेलचं तोंड नेमकं कुठे असतं ते शोधलं. विष जिथे बसतं तिथेच दार असणार, असा साधा तर्क. पुढे १९९८ मध्ये त्यांनी अशा चॅनेलची अणूपातळीवरची रचना दाखवली आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पीटर आग्रे यांच्यासोबत विभागून मिळालं.

हे सगळं मी आजीला सांगितलं. नोबेल, चॅनेल यांत तिला रस नव्हता. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, ‘‘तेव्हा नव्हती का गं ती गोळी?’’

नव्हती. पण आज आहे. म्हणूनच कॉलेजमध्ये शिकलेल्या आपल्या घरात आजही कोणी आधी मंत्रवाल्याकडे धावत असेल, तर त्याला थांबवणं हे आपलं काम आहे.

विंचू चावला तर...

- चावलेली जागा कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका.
- घाम, उलट्या, गार हातपाय ही धोक्याची लक्षणं आहेत. पण ती दिसायची वाट न पाहता लगेच जवळचं आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय गाठा. लहान मुलांना धोका जास्त असतो.
- गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, ती डॉक्टरच देतील.
- आणि हो, बूट झटका.