भाकरी आठ सेकंदांत होत नाही
लेखमाला : यंत्राशी बोलताना – लेखांक ६

मागच्या दोन लेखांकांत स्थिर चित्रांचे प्रॉम्प्ट कसे लिहायचे ते आपण पाहिले. आता हलत्या चित्रांकडे वळू. ओपनएआयने 'सोरा'ची पहिली झलक १५ फेब्रुवारी २०२४ रोजी दाखवली. मे २०२५ मध्ये गूगलचे 'व्हिओ ३' आले आणि चित्राबरोबर आवाजही तयार होऊ लागला. रनवे, क्लिंग, लुमा ही आणखी काही साधने. त्यांची नावे आणि आवृत्त्या बदलत राहतील, पण प्रॉम्प्ट लिहिण्यामागचा विचार फारसा बदलणार नाही. तो एकदा नीट समजला, की साधन कोणतेही असो, काम अडत नाही.

या लेखासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. आपल्याला चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरीची छोटी क्लिप हवी आहे. बहुतेक जण पहिला प्रॉम्प्ट साधारण असा लिहितात :

"गावाकडची एक बाई चुलीवर भाकरी करते आहे आणि घरच्यांना प्रेमाने वाढते आहे, असा अतिशय सुंदर, भावपूर्ण, सिनेमॅटिक व्हिडिओ बनवा."

वाचायला यात काही वावगे वाटत नाही, पण यातून हवी ती क्लिप मिळणे अवघड आहे. कारण समजून घ्यायचे तर मॉडेल काय करते ते थोडक्यात पाहावे लागेल.

मॉडेल कसे काम करते

व्हिडिओ तयार करणारी बहुतेक मॉडेल्स डिफ्यूजन पद्धतीची आहेत. सुरुवातीला सगळ्या फ्रेम्समध्ये नुसता गोंगाट असतो, जुन्या टीव्हीचा सिग्नल गेला की पडद्यावर मुंग्या दिसायच्या तसा. मॉडेल टप्प्याटप्प्याने तो गोंगाट पुसत जाते आणि पुसताना दर टप्प्याला तुमच्या शब्दांकडे पाहते. खऱ्या कॅमेऱ्यात आधीचा क्षण आधी टिपला जातो आणि नंतरचा नंतर. इथे क्लिपचा आरंभ, मध्य आणि शेवट एकत्रच आकाराला येतात. व्हिओ ३ ची क्लिप आठ सेकंदांची, सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे एकूण १९२ चित्रे. तुम्ही सांगितलेले सगळे त्या १९२ चित्रांत बसवायचे असते. पीठ मळणे, थापणे, भाजणे, वाढणे एवढे एका वाक्यात मागितले, तर मॉडेल काही गाळते, काही एकमेकांत मिसळते आणि मधेच भाकरी हातातून थेट ताटात उगवते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सोराबरोबर प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक अहवालात ओपनएआयने सांगितले आहे, की मॉडेलला शिकवण्याआधी व्हिडिओंची सविस्तर वर्णने दुसऱ्या एका मॉडेलकडून लिहून घेतली होती. म्हणजे हे यंत्र वर्णनांवर शिकले आहे. 'बनवा', 'दाखवा', 'करा' अशा हुकमांपेक्षा चित्रीकरण होऊन गेलेल्या शॉटचे वर्णन त्याला जास्त जवळचे. त्याच अहवालात असेही म्हटले आहे, की वापरणाऱ्याने छोटा प्रॉम्प्ट दिला तर जीपीटीकडून तो वाढवून घेतला जातो आणि मगच व्हिडिओच्या मॉडेलकडे जातो. तपशील तुम्ही लिहिला नाही, तर तुमच्या वतीने दुसरे कोणी तरी तो भरते, आणि त्या भरणाऱ्याने तुमचे स्वयंपाकघर पाहिलेले नसते.

ते काय भरेल? शिकताना जे सर्वांत जास्त पाहिले, ते. लाटणे फिरवून केलेल्या पोळीची चित्रे त्याने भरपूर पाहिली असणार, काठवटीत थापलेल्या भाकरीची त्या मानाने फारच कमी. म्हणून 'भाकरी' एवढेच म्हटले की पोळपाट-लाटणे येण्याची शक्यता मोठी. बाईच्या अंगावर भरजरी साडी येईल, मागे सोनेरी शेत येईल. जे सर्वत्र आढळते ते मॉडेल न सांगता देते; जे फक्त आपल्याकडे आहे ते लिहून द्यावेच लागते. मराठी माणसाने प्रॉम्प्ट लिहायला नीट शिकावे असे मला मनापासून वाटते, ते याचसाठी.

एका क्लिपमध्ये एकच क्रिया

घड्याळ लावून भाकरी करून पाहा. आठ सेकंदांत काय होते? फार तर भाकरी थापता थापता एखादा फेरा पूर्ण होतो. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायला साधारण तेवढाच वेळ लागतो. निखाऱ्यावर टेकवलेली भाकरी फुगते, तो तिसरा प्रसंग. या तीन वेगळ्या क्लिप्स आहेत आणि त्या तीन प्रॉम्प्टमधून घ्यायच्या आहेत. जोडण्याचे काम नंतर संकलनात करायचे.

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी रोपाच्या वाढीची एक छोटी फिल्म केली होती. भांडवल देणाऱ्यांना या नव्या माध्यमाची ताकद पटवायची होती. कुंडी जागेवर, कॅमेरा जागेवर, आणि रोज थोडे थोडे चित्रीकरण. एक विषय, एक बदल, स्थिर नजर. अगदी छोट्या फिल्मसाठी याहून स्वच्छ आराखडा मला माहीत नाही, आणि आजच्या आठ सेकंदांनाही तो तंतोतंत लागू पडतो.

क्षण निवडताना आणखी एक काळजी घ्यायची. पदार्थाचे रूप बदलते तिथे ही मॉडेल्स अडखळतात. सोराच्या त्याच अहवालात कबुली आहे, की काच फुटणे नीट जमत नाही आणि खाल्लेल्या पदार्थात जो बदल दिसायला हवा तो दर वेळी दिसत नाही. पुढची मॉडेल्स सुधारली, तरी हा कच्चा दुवा पुरता गेलेला नाही. पिठाच्या गोळ्यापासून पातळ भाकरीपर्यंतचा प्रवास म्हणजे नेमका रूपबदल. म्हणून गोळ्यापासून सुरुवात करू नका. भाकरी अर्धी थापून झाली आहे, इथून शॉट सुरू करा. क्रिया तीच राहते, पण मॉडेलपुढची अडचण बरीच कमी होते.

जे दिसते आणि ऐकू येते तेच लिहा

'सुंदर', 'भावपूर्ण', 'प्रेमाने' हे शब्द कॅमेऱ्याला दिसत नाहीत. प्रेम दाखवायचे असेल, तर ते कशातून दिसेल ते शोधावे लागते : वाढणारी बाई गरम भाकरी हातावर झेलत मोडते आणि मोठा तुकडा मुलाच्या ताटात ठेवते. हे लिहिता आले की 'प्रेमाने' लिहायची गरज उरत नाही. आता थापण्याच्या क्लिपचा प्रॉम्प्ट नव्याने लिहू :

"साठीच्या एका बाईचे दोन हात, क्लोजअप. मनगटांत हिरव्या काचेच्या बांगड्या. पुढ्यात रुंद, उथळ, गोल लाकडी परात. तिच्यात कोरड्या पिठाचा पातळ थर आणि त्यावर तळहाताएवढी, जाडसर, पांढुरकी भाकरी. उजवा तळवा भाकरीवर हलक्या थापट्या मारतो. प्रत्येक थापटीसरशी भाकरी थोडी गोल फिरते. कॅमेरा परातीच्या उंचीवर, समोर, स्थिर. डावीकडच्या लहान खिडकीतून सकाळचे तिरपे ऊन येते आणि उडणारे पीठ त्या उन्हात दिसते. मागे मातीची भिंत, धूसर. आवाज : थापट्या, बांगड्यांची किणकिण, दूरवर कोंबड्याची बांग."

यात सहा गोष्टी आल्या. कोण किंवा काय, कोणती क्रिया, कॅमेरा कुठे, उजेड कुठून, मागे काय, ऐकू काय येते. क्रम थोडा मागेपुढे झाला तरी चालेल, पण मुख्य विषय आणि क्रिया सुरुवातीलाच येऊ द्या. 'काठवट' हा शब्द मुद्दाम टाळून तिचे रूप लिहिले आहे, कारण मॉडेलने तो शब्द चित्राशी जोडलेला पाहिला असेलच याची खात्री नाही. नऊवारी, पाटा-वरवंटा, तुळशीवृंदावन यांनाही हाच नियम लावा : नाव द्या किंवा देऊ नका, आकार, रंग आणि वापरण्याची रीत मात्र जरूर लिहा.

प्रॉम्प्ट मराठीतच मनात जुळवा आणि मराठीतच आधी लिहून काढा. मॉडेलांना शिकवलेल्या वर्णनांत इंग्रजीचा वाटा मोठा असल्याने शेवटी त्याचे इंग्रजी करून घेतलेले बरे. ते चॅटबॉट करून देईल. पण भाषांतर होताना लाकडी परातीची स्टीलची थाळी झाली नाही ना, ते तुम्हीच पाहायचे.

कॅमेरा, आवाज आणि अक्षरे

कॅमेऱ्याची एका क्लिपमध्ये एकच हालचाल ठेवा. पॅन म्हणजे जागेवरून डावी-उजवीकडे वळणे, टिल्ट म्हणजे वर-खाली झुकणे, डॉली म्हणजे कॅमेरा स्वतःच पुढे-मागे सरकणे, ट्रॅकिंग म्हणजे चालत्या माणसाबरोबर जाणे. हे शब्द मॉडेलांना चांगले कळतात. हात बारीक काम करत असतील तर कॅमेरा स्थिरच बरा. दोन्ही हलले की बोटांचा गोंधळ वाढतो.

संवाद हवा असेल तर कोण बोलते ते लिहून वाक्य अवतरणचिन्हांत द्या. आठ सेकंदांत सावकाश बोललेले बारा-पंधरा शब्द मावतात, त्याहून जास्त नको. मराठी उच्चार कान देऊन तपासा : 'ळ' नीट येतो का, 'चहा'तला आणि 'चमचा'तला 'च' वेगळा ऐकू येतो का. क्लिपमध्ये पाटी किंवा मजकूर हवा असेल तर तो मॉडेलकडून घेऊ नका. देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा बऱ्याचदा बिघडतात. अक्षरे संकलनाच्या अ‍ॅपमध्ये वरून टाकावीत.

'लाटणे नको' असेही लिहू नका. लाटण्याचा उल्लेख झाला की लाटणे येण्याचा धोका उलट वाढतो. नको असलेल्या गोष्टी वेगळ्या रकान्यात लिहिण्याची सोय काही साधनांत असते. तिथे 'नको' न जोडता नुसती त्या वस्तूंची नावे लिहायची. तशी सोय नसेल, तर काय हवे तेच अधिक नेमके करा. तळवा थापतो आहे हे ठसठशीत आले, की लाटण्याला जागाच उरत नाही.

फोटोपासून सुरुवात

आपल्या भागातल्या गोष्टींसाठी सर्वांत खात्रीचा मार्ग वेगळाच आहे. स्वतःच्या घरातल्या काठवटीचा, चुलीचा चांगल्या उजेडातला फोटो काढा आणि तो पहिली फ्रेम म्हणून द्या. बहुतेक साधनांत ही सोय आहे. मग कोण, कुठे, कसले भांडे हे काही सांगावे लागत नाही, कारण ते फोटोत दिसतेच. प्रॉम्प्टमध्ये फक्त हालचाल लिहायची : तळवा थापतो, भाकरी फिरते, पीठ उडते, कॅमेरा स्थिर. फोटोत दिसणारेच पुन्हा शब्दांत सांगत बसलात, तर हालचाल मागे पडते.

फोटोत माणूस असेल तर त्याची परवानगी घ्या. हा शिष्टाचाराचा भाग तर आहेच, पण त्याचा चेहरा यंत्राकडे जाणार आहे आणि त्याने न केलेली कृती त्याच्या नावावर दिसणार आहे, हे त्याला माहीत असायला हवे.

सुधारणा करताना

तोच प्रॉम्प्ट पुन्हा दिला तरी क्लिप वेगळी येते, कारण सुरुवातीचा गोंगाट दर वेळी वेगळा असतो. म्हणून पहिली क्लिप फसली की सगळा प्रॉम्प्ट खोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. उजेड चुकला असेल तर फक्त उजेडाचे वाक्य, हात चुकले असतील तर फक्त क्रियेचे वाक्य. वहीत प्रॉम्प्ट आणि निकाल शेजारी शेजारी लिहून ठेवा. महिनाभरात ही वही कोणत्याही तयार प्रॉम्प्ट-यादीपेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण ती तुमच्या विषयांची असेल.

कुठे वापरू नये

बचत गटाच्या ताई भाकरी-पिठल्याची जाहिरात करणार असतील, तर त्यांनी स्वतः केलेली भाकरी मोबाइलवर चित्रित करावी. ग्राहकाला विकायचा पदार्थ यंत्राने काढलेला दाखवणे म्हणजे फसवणूक आहे, क्लिप कितीही देखणी असली तरी. या साधनांची खरी जागा वेगळी आहे : पूर्वी कसे असायचे ते समजावणारा धड्यातला प्रसंग, नाटकाच्या तालमीआधीचा दृश्य-आराखडा, मुलांसाठीची काल्पनिक गोष्ट. तिथेही क्लिप कृत्रिम असल्याची सूचना ठळक अक्षरांत द्या. खरे हात आणि बनवलेले हात यांतला फरक पाहणाऱ्याला कळण्याचा हक्क आहे.

या आठवड्याचा स्वाध्याय

घरातले रोजचे एक काम निवडा. ताक घुसळणे, वाती वळणे, सायकलच्या चाकात हवा भरणे, काहीही. घड्याळ समोर ठेवून ते पाहा आणि त्यातले आठ सेकंद वेगळे काढा. मग वर सांगितलेल्या सहा गोष्टी लिहा. लिहून झाले की मोठ्याने वाचा आणि डोळ्यांना न दिसणारा, कानांना न ऐकू येणारा प्रत्येक शब्द खोडा. उरलेले वर्णन घरातल्या कोणाला तरी ऐकवा आणि काय दिसले ते विचारा. त्यांना तुमच्या मनातलेच चित्र दिसले, तर प्रॉम्प्ट यंत्राकडे द्यायला तयार आहे. वेगळे दिसले, तर कोणते वाक्य कमी पडले ते त्यांच्या उत्तरातच सापडेल.

पुढच्या आठवड्यात : चार क्लिप्समध्ये तीच बाई, तीच साडी आणि तोच उजेड कसा टिकवायचा.