गाडीचा ताप आणि घाईचे झाकण

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी आमच्या अपघात विभागात एक तरुण आला. चेहरा, मान आणि उजवा हात भाजलेला. घाटात गाडी तापली म्हणून त्याने बॉनेट उघडून रेडिएटरचे झाकण फिरवले होते. पापण्या वेळेवर मिटल्या म्हणून डोळे वाचले.

त्याच्यावर उपचार करताना मला माझीच गाडी आठवत होती. वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी मी सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, 1089 सीसी इंजिनाची ही गाडी शहरात नीट चालायची. घाट लागला की तापायची.

आमचे मिस्त्री म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, थर्मोस्टॅट काढून टाकू. पुष्कळ जण तसंच करतात.’ थर्मोस्टॅट ही एक झडप असते. पाणी साधारण 80 ते 85 अंशांपर्यंत तापले की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. ती काढली तर एरवी इंजिन नको तितके थंड राहते, झिजते, पेट्रोल जास्त खाते. शिवाय मूळ दुखणे तसेच राहते. कारण न शोधता रोज पॅरासिटामॉल देण्यासारखेच हे!

मग रुग्ण तपासतो तशी गाडी तपासली. सिग्नलला उभी असताना तापत नाही, म्हणजे पंखा आणि पट्टा ठीक. थंड इंजिन झाकण काढून सुरू केले. पाण्यात सतत बुडबुडे आले नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट फुटल्याची खूण नाही. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात तापवला. तो वेळेवर उघडला. उरला रेडिएटर. तो उघडल्यावर नळ्यांमध्ये पांढरा थर दिसला. पाणी तापवायच्या भांड्यात बसतो तोच क्षार. मी वर्षभर बोअरवेलचे पाणी ओतत होतो, दोष माझाच. क्षारातून उष्णता सहज बाहेर पडत नाही आणि नळ्याही अरुंद होतात. सपाटीवर भागते, चढावर जोर लागला की पुरे पडत नाही. रेडिएटर साफ करून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरले. आता गाडी घाट चढते.

आता त्या झाकणाविषयी. ते नुसते बूच नाही, ते आत दाब धरून ठेवते. दाब वातावरणापेक्षा अर्धा पट वाढला तर पाणी 100 ऐवजी सुमारे 111 अंशांना उकळते. म्हणून गरम रेडिएटरमधले पाणी न उकळता 100 अंशांच्या वर असू शकते. झाकण उघडताच दाब सुटतो, त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती उरलेले पाणी घेऊन तोंडावर उसळते.

म्हणून गाडी तापली तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास थांबा. वरचा होज हाताला थंड लागेपर्यंत झाकणाला हात लावू नका. नंतरही जाड फडके ठेवून थोडेच फिरवा. फुसफुस ऐकू आली तर तिथेच थांबा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

भाजलेच तर अंगठी, घड्याळ आणि न चिकटलेले कपडे लगेच काढा. भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नको. चेहरा किंवा डोळा असेल तर पाणी सोडून झाल्यावर थेट रुग्णालय गाठा.

आणखी एक. बऱ्याच कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, पण विषारी. प्यायलेला माणूस आधी दारू प्यायल्यासारखा वागतो, पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. उरलेले कूलंट कधीही शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नका. मुलाने घोटभर प्यायल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता डबा सोबत घेऊन रुग्णालयात या. वेळेत आल्यास उपचार आहेत.

तो तरुण बरा झाला. जाताना म्हणाला, ‘पाच मिनिटांची घाई होती, डॉक्टर.’ त्या पाच मिनिटांपायी तो तीन आठवडे वॉर्डात होता.